छोटा इको आधी झेडपीच्या शाळेत जाऊ दे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तेव्हा मुलांचे ३० आजार तपासायचे ठरले, आणि त्या ३० मध्ये रुमॅटिक हार्ट डिसीज, म्हणजे घशाच्या इन्फेक्शनमधून पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा आजार, नाव घेऊन लिहिलेला आहे. जन्मजात हृदयदोषही आहेत. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा टीम येते, दोन डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट, गाडी, वजनकाटा, उंचीची पट्टी सगळं असतं. हृदय बघायला मात्र त्यांच्या हातात फक्त स्टेथोस्कोप असतो. माझं म्हणणं असं की या रुमॅटिक आजारासाठी तरी तो पुरत नाही, त्याच्या जोडीला खिशात मावणारा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारं मशीन, द्यायला हवा, आणि तो देताना आपल्याकडे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा जो प्रश्न उभा राहतो त्याला बगल न देता तो नीट सोडवायला हवा.

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो, रोज गळ्यात स्टेथोच असतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हेतू अजिबात नाही. पण शाळेतली तपासणी कधी प्रत्यक्ष बघा. एक वर्ग रिकामा केलेला असतो, दोन बाकं जोडून टेबल केलेलं, खिडकीत पोरांची डोकी, शेजारच्या वर्गात पाढे चाललेत, व्हरांड्यात खिचडीची भांडी वाजतायत, आणि रांगेतलं पोर शर्टाची वरची दोन बटणं सोडून पुढे येतं, छातीवर स्टेथो टेकतो न टेकतो तोच पुढचा नंबर. एका दिवसात अख्खी शाळा उरकायची, त्यात डोळे, दात, कातडी, वजन सगळंच बघायचं, त्या डॉक्टरांना बोल लावण्यात काही अर्थ नाही. आता माइट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आकसली की जो आवाज येतो तो कसा ऐकायचा हे आम्हाला फायनल इयरला शिकवलेलं असतं. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास पूर्ण बाहेर सोडून थांबायला सांगायचं, स्टेथोची बेलची बाजू हलकीच टेकवायची, दाबायची नाही कारण दाबली की आवाज जातो, आणि खोलीत शांतता पाहिजे. तो आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की वॉर्डात पंखा घरघरत असला तरी सुटून जातो. शाळेच्या त्या गोंगाटात तो सापडेल अशी अपेक्षा करणंच चुकीचं आहे. आणि सुरुवातीच्या टप्प्यात तर कित्येक मुलांमध्ये ऐकू येण्यासारखं काही नसतंच, झडप थोडीशी गळत असते, मूल खेळतं, पळतं, कुणाला शंकाही येत नाही.

शांत खोलीत तरी आम्ही डॉक्टर लोक फार हुशार असतो असं नाही. अमेरिकेत १९९७ साली मेडिसिन आणि फॅमिली प्रॅक्टिस शिकणाऱ्या ४५३ डॉक्टरांना रेकॉर्ड केलेले हृदयाचे १२ आवाज ऐकवून ओळखायला सांगितले होते, त्यांना साधारण २० टक्केच बरोबर ओळखता आले. पण आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा आकडा हरियाणातला आहे. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी बल्लभगडच्या शाळांमधली ६२७० मुलं तपासली, आधी नेहमीसारखी स्टेथोने आणि मग इको करून. स्टेथोने रुमॅटिक आजार सापडला तो हजारात ०.८ मुलांना, म्हणजे एकही पूर्ण मूल नाही, आणि इकोवर हजारात २०.४. हे २०११ साली छापून आलंय. त्याच्या आधी २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांतून हेच दिसलं होतं, तिथेही इकोने साधारण दहापट मुलं जास्त सापडली. म्हणजे आपण दर वर्षी शाळेत जातो, छातीला स्टेथो लावतो, रजिस्टरमध्ये "हृदय नॉर्मल" लिहितो आणि ज्यांना आजार आहे त्यातल्या बऱ्याचशा मुलांना तसंच घरी पाठवतो. हा आजार भारतात संपत आला असं शहरातल्या लोकांना वाटतं, कारण त्यांच्या ओळखीत कुणाला नसतो. २०१५ या एका वर्षात जगभरात या आजाराने ३ लाख १९ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, त्यातली १ लाख १९ हजार एकट्या भारतातली.

मशीनबद्दल थोडं. हृदयाचा पहिला इको १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला झाला, तेव्हाचं यंत्र जहाजाच्या कारखान्यातून उसनं आणलेलं होतं, धातूतल्या भेगा शोधायचं. पुढे अनेक वर्षं इको म्हणजे चाकावरचं मोठं धूड आणि एसी खोली हेच समीकरण राहिलं. २०१० मध्ये जीईचा व्हीस्कॅन आला, मोबाईलएवढा, आणि २०१७ मध्ये बटरफ्लाय नावाच्या प्रोबला, म्हणजे छातीवर टेकवायच्या दांड्याला, अमेरिकेत परवानगी मिळाली, तो सरळ फोनला जोडायचा, किंमत तेव्हा दोन हजार डॉलरच्या आसपास. आपल्याकडे अशा मशीनला काही लाख मोजावे लागतात, पण मोठ्या इको मशीनच्या तुलनेत ते काहीच नाही.

छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत थोडं जेल लावून प्रोब टेकवला आणि त्याची खूण उजव्या खांद्याकडे केली की एकाच चित्रात डाव्या बाजूचा खालचा कप्पा, वरचा कप्पा, माइट्रल आणि एओर्टिक दोन्ही झडपा उघडताना मिटताना दिसतात. निरोगी झडपेचा पुढचा पडदा सरळ, सैल, फडफडणारा असतो. रुमॅटिकमध्ये त्याचं टोक चिकटलेलं असतं त्यामुळे उघडताना तो मधूनच वाकतो, आम्ही त्याला हॉकी स्टिक म्हणतो, आणि एकदा बघितलं की परत ओळखायला अवघड जात नाही. मग कलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, चालू करायचा, झडप गळत असेल तर वरच्या कप्प्यात मागे फेकला जाणारा पट्टा दिसतो आणि तो किती लांब आहे ते मोजायचं. मोठ्या मुलात २ सेंटिमीटर, ३० किलोच्या आतल्या मुलात दीड किंवा त्याहून लांब असला तर संशय धरायचा. बस, एवढं जमलं तरी पहिल्या चाळणीला पुरतं. वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०२३ मध्ये निकष सुधारले तेव्हा तज्ज्ञ नसलेल्या माणसाने छोट्या मशीनवर करायच्या चाळणीचे निकष वेगळे दिले ते याचसाठी. ब्राझीलमध्ये बेलो ओरिझोंटेच्या शाळांतून २०१४ पासून नर्सेस आणि टेक्निशियन छोट्या मशीनवर चित्रं घेतात, ती ऑनलाइन जातात आणि कार्डिओलॉजिस्ट दुसरीकडे बसून वाचतात. आपल्या नर्सला जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने पीएचसीत रात्री एकटीने बाळंतपण करणारी सिस्टर बघितलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, सापडलं तर पुढे काय. इलाज नसेल तर शोधून उपयोग नाही, हे कुठल्याही चाळणी तपासणीला लागू आहे. इथे इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन, ज्याला आपल्याकडे सगळे पेनिड्युर म्हणूनच ओळखतात, दर तीन आठवड्यांनी कमरेत एक इंजेक्शन, म्हणजे घशाचं इन्फेक्शन परत परत होत नाही आणि झडपेवर नवा घाव बसत नाही. पण ज्यांचा आजार फक्त इकोवर दिसतोय, त्रास काही नाही, अशा मुलांना याचा उपयोग होतो का हे बरीच वर्षं कुणालाच नक्की माहीत नव्हतं आणि हा आक्षेप रास्त होता. त्याचं उत्तर युगांडाच्या उत्तर भागातून आलं. तिथे एक लाखाहून जास्त मुलांचा इको केला, ज्यांच्यात सुरुवातीचा आजार सापडला अशी सुमारे ८०० मुलं घेतली, निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिलं, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला होता, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के. हा अभ्यास २०२२ सालचा, आणि तो आल्यावर "सापडून करायचं काय" हा प्रश्न माझ्या मते संपलेला आहे.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यापर्यंत इको कधीच पोचलाय. शहरातल्या कुठल्याही हॉस्पिटलचं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बघा, चाळिशीच्या पुढचं असेल तर त्यात बहुतेक वेळा इको असतोच, काही त्रास नसलेली माणसं दर वर्षी करून घेतात आणि रिपोर्ट फाइलला लावतात. त्याने आयुष्य वाढतं का? नॉर्वेमध्ये ट्रॉम्सोला हे तपासलेलं आहे, ६८६१ मध्यमवयीन लोकांचे दोन गट केले, एकाचा इको केला, दुसऱ्याचा नाही, १५ वर्षं मागोवा घेतला, आणि मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून मी सरसकट सगळ्यांचा इको करा असं म्हणत नाहीये, उलट निरोगी मोठ्या माणसांच्या पॅकेजमधून तो काढला तरी चालेल. मोठ्या माणसाला धाप लागत असेल, पायाला सूज असेल, जुनं बीपी किंवा शुगर असून थकवा वाढला असेल, तर माझ्यासारख्या डॉक्टरने तिथल्या तिथे प्रोब ठेवून हृदय नीट आकुंचन पावतंय का हे बघणं फार कामाचं आहे, ते वेगळं. पण रांगेत उभं करून तपासायचंच असेल तर ५ ते १५ वयाची मुलं, आणि तीही जिथे घर दाटीचं, घसा दुखला तर दवाखान्यात जायची पद्धत नाही आणि इकोसाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याला जावं लागतं अशा ठिकाणची. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथल्या बापाला "एकदा इको करून घ्या" असं चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे काहीच न करण्यासारखं आहे.

एक केस सांगतो. विशीतली मुलगी, पहिलं बाळंतपण, सातवा महिना. रात्री आडवी झाली की दम कोंडायचा म्हणून भिंतीला पाठ लावून बसून झोपायची. दोन ठिकाणी दाखवलं होतं, रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक, आणि सासूबाईंचं म्हणणं की पोट वाढलं की दम लागतोच. माझ्याकडे आली तेव्हा खोकल्याबरोबर गुलाबी फेस येत होता. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, ठोके वाढतात, आणि आकसलेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही, मग मागे फुप्फुसात साचतं, जे इतकी वर्षं शरीराने सांभाळून घेतलेलं असतं ते सातव्या महिन्यात किंवा बाळंतपणाच्या टेबलावर उघडं पडतं. तिला मेडिकल कॉलेजला पाठवलं, तिथे बलूनने झडप उघडली, आई आणि बाळ दोघंही नीट आहेत. पण ही मुलगी दहावीपर्यंत झेडपीच्या आणि मग आश्रमशाळेत शिकलेली, म्हणजे दर वर्षी तिची तपासणी झालेली असणार. नववीत असताना कुणी दोन मिनिटं प्रोब ठेवला असता तर तिला पेनिसिलिन चालू झालं असतं, आणि लग्न, मूल हे सगळं माहीत असताना झालं असतं.

आता कायदा. पोर्टेबल सोनोग्राफी म्हटलं की महाराष्ट्रात पहिला प्रश्न पीसीपीएनडीटीचाच, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचाच येतो, आणि यायलाच पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपण केला, महिला संघटनांनी रस्त्यावर उतरून करायला लावला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरीही आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. २०१२ साली परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा जे वाचलं ते अजून विसरलेलो नाही. हातात मावणारा प्रोब गाडीच्या डिकीत घालून वस्तीवर नेणं किती सोपं आहे हे तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरला माहितीये. म्हणूनच २०१२ मध्ये नियम आला की पोर्टेबल मशीन नोंदणी केलेल्या जागेतच, दाखल पेशंटसाठी वापरायचं, किंवा मग इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. शिवाय मशीन कुणी हाताळायचं तेही ठरलेलं आहे, आणि शाळा तपासणीच्या टीममधले आयुष डॉक्टर आणि नर्स त्यात बसत नाहीत. माझ्या व्यवसायातले बरेच जण म्हणतात की हा कायदा जाचक आहे, हृदयाच्या मशीनला त्यातून सूटच द्या. मला हे मान्य नाही. हृदयाच्या प्रोबने पोटातलं बाळ दिसत नाही असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. सॉफ्टवेअरमधून प्रसूतीचं सेटिंग काढून टाकलं तरी चित्र येतंच, थोडं खराब येईल इतकंच. त्यामुळे नुसतं लॉक लावून भागणार नाही.

पण सूट आणि बंदी यांच्या मध्ये जागा आहे आणि ती कोल्हापूरने दाखवली होती. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर बसवायला लावले, म्हणजे मशीनवर जे जे दिसलं ते सगळं नोंदलं जाणार आणि नंतर तपासता येणार. रेडिऑलॉजिस्ट लोक कोर्टात गेले, आणि २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश उचलून धरला. त्या काळी त्यासाठी वेगळा डबा जोडावा लागायचा. आजचा छोटा प्रोब मुळातच फोनवर किंवा टॅबवर चालतो, वेळ, जागा, कुणी लावला, किती सेकंद लावला, सगळं आपोआप नोंदवता येतं. मग असं करा की प्रोब सरकारी मालकीचा, जिल्ह्याच्या यादीत नंबरासकट, फक्त शाळा तपासणीच्या टीमसाठी. त्या दिवशीच्या शाळेचा कोड टाकल्याशिवाय तो सुरू होणार नाही, शाळेच्या हद्दीबाहेर आणि वेळेबाहेर बंद. प्रत्येक क्लिप कुठल्या तरी मुलाच्या हजेरी नंबरला जोडलेली असेल आणि सर्व्हरवर जाईल, पुसायची सोय टीमकडे नसेल, आणि त्यातल्या काही क्लिप दर महिन्याला कुणी तरी उघडून बघेल. रात्री प्रोब तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कुलुपात. आणि नियमात दुरुस्ती करून फक्त या कामापुरती, फक्त छातीवर, ट्रेनिंग घेतलेल्या नर्सला परवानगी.

गरोदर बायकांना मात्र या छोट्या प्रोबपासून लांब ठेवावं असं मला वाटतं, जरी त्यांना गरज सगळ्यात जास्त असली तरी. त्यांच्यासाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे धाप लागते का, रात्री बसून झोपते का, हे विचारून लगेच नोंदणी केलेल्या मशीनवर, फॉर्म भरून इको व्हावा. शाळेत मुली तपासल्या तर पुढे दहा वर्षांनी त्याच मुली गरोदर असताना त्यांच्या फाइलवर हृदयाची नोंद आधीच असेल, म्हणजे फिरता प्रोब गरोदर बाईपर्यंत न नेताही तिचा जीव वाचतो, आणि कायद्याला धक्का लागत नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी यावर शांतपणे विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो, तो म्हणजे शिक्का बसण्याचा. इकोवर जे सापडतं त्यातलं पुष्कळसं तसंच राहतं किंवा आपोआप सुधारतं, पण गावात एकदा "तिला हृदयाचं आहे" असं झालं की मुलीच्या लग्नापर्यंत ते चालत येतं. मुलगा असेल तर खेळातून काढतात, मुलगी असेल तर शाळेतूनच काढतात. म्हणून पहिल्या चाळणीवर कुणालाही आजाराचं नाव सांगायचं नाही, फक्त "मोठ्या मशीनवर एकदा बघू" एवढंच, आणि तेही वर्गासमोर नाही, आईबापाला बाजूला घेऊन. यातल्या बऱ्याचशा छोट्या मशीनवर प्रवाहाचा वेग नीट मोजता येत नाही, त्यामुळे मोठ्या इकोशिवाय निदान करणं बरोबरही नाही. तो मोठा इको महिन्याच्या आत, जिल्ह्याला नेण्या-आणण्याच्या खर्चासकट झाला पाहिजे, नाहीतर आपण फक्त घराघरात भीती वाटून येऊ.

आणि पेनिसिलिन. मशीन विकत घेण्याआधी याची व्यवस्था पाहिजे. हे इंजेक्शन इतकं स्वस्त आहे की ते बनवण्यात कंपन्यांना फारसा रस नसतो, बाजारातून मधूनच गायब होतं, आणि रिअॅक्शनच्या भीतीने कित्येक खाजगी डॉक्टर ते द्यायला तयारच नसतात, पीएचसीतही "आमच्याकडे देत नाही" असं ऐकायला मिळतं. गंभीर रिअॅक्शन फार क्वचित येते, पण येते, त्यामुळे जिथे इंजेक्शन द्यायचं तिथे अॅड्रिनॅलिन हाताशी आणि सिस्टरला ते कसं द्यायचं याचं ट्रेनिंग हवं, हे काही फार मोठं मागणं नाही. टीबीच्या पेशंटची गोळी चुकली की आशाताई घरी जाते, तसंच या मुलांच्या तीन आठवड्यांच्या तारखेला कुणी तरी दारात गेलं पाहिजे, कारण दुखणारं इंजेक्शन, तेही काही त्रास होत नसताना, वर्षानुवर्षं घ्यायला कुठलंही पोर आपणहून येणार नाही.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर गडचिरोली आणि नंदुरबार ही नावं कुणीही घेईल, ती घ्याच, पण तिसरं बीड घ्या आणि मुद्दाम घ्या. प्रोबचा गैरवापर रोखायची व्यवस्था तिथे टिकली तर राज्यात कुठेही टिकेल. तिथली तपासणी जुलै ते सप्टेंबरमध्येच उरकावी लागेल, कारण दसरा झाला की ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि लहान पोरंही बरोबर जातात, थेट उन्हाळ्यात परत येतात. त्या पोरांचं इंजेक्शनचं कार्ड कारखान्याच्या शेजारच्या पीएचसीत दाखवलं तरी पुढची सुई तिथे मिळाली पाहिजे, कर्नाटकात असलं तरी. हे आधी ठरवून घ्या, मग मशीनचं टेंडर काढा.